बेण्याला जपतो, सुनेला?

सभासद बंधूंनो, लागणीआधी बेणेप्रक्रिया आपण चुकवत नाही. सून गरोदर असली की मात्र सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या फळीवर पडून राहतात. म्हणे, मूल काळं होतं! साफ खोटं. काळसर होतो तो शौचाचा रंग. चौथ्या महिन्यापासून रोज एक, असे १८० दिवस. गोळीत लोह ६० मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम. १९३१ साली डॉक्टर लुसी विल्स यांनी मुंबईतल्या गरोदर बायकांचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानं बरा होतो हे दाखवलं. त्यातलं तत्त्व पुढं हेच निघालं. बाळाच्या पेशी याच्याच बळावर वाढतात. मात्र मज्जारज्जूची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते, म्हणून फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीच सुरू हवं. गोळीवर लगेच चहा नको. आणि टोळ्यांतल्या ऊसतोड बायांना फडावर गोळ्या कोण पोचवणार? संचालक मंडळानं गळीत सुरू होण्याआधी हे ठरवावं.