रीत कुणाला विचारून पाळायची?

परमुलखात फिरायला जाताय, तर तिथल्या चालीरीतींचा आदर करा. प्रवासाच्या कुठल्याही पुस्तकात हा उपदेश असतोच. खांदे झाका, चपला काढा, उजव्या हातानं जेवा, वाद घालू नका. वर्षभराचा गॅप घेऊन जग बघायला निघालेली गोरी पोरं हे पाठ करून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आमच्या तोंडातल्या औरंगाबादला, उतरतात. आता आपल्याकडच्या पैसेवाल्यांची पोरंही गॅप घेतात. आमच्या वस्तीतल्या पोरांना गॅप पडतो. स्कॉलरशिप अडकली की पडतो. मग मुलाखतीत साहेब चष्म्यावरून बघत विचारतो, हे वर्ष कुठं घातलं?

ते राहू द्या. माझा सवाल त्या उपदेशाला आहे. स्थानिक चालीरीती म्हणजे कुणाच्या? वाड्यावर विचारून लिहिल्या, की वेशीबाहेर?

याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १९३४ साली बाबासाहेब आणि चळवळीतले तीसएक लोक वेरूळची लेणी बघायला निघाले. मुलूख निजामाचा. वाटेत दौलताबादचा किल्ला. दरवाजाबाहेर पाण्यानं भरलेला हौद. अंगावर प्रवासाची धूळ, म्हणून काहींनी हात-पाय-तोंड धुतलं. झालं! बोंब उठली, धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिव्या सुरू. बाबासाहेबांनी सांगितलं, आम्ही बाहेरचे, इथली रीत आम्हाला ठाऊक नव्हती.

बघा, शब्द तोच. इथली रीत. मग जमाव वळला कुणावर? तिथल्याच अस्पृश्यांवर. पाहुण्यांना सांगितलं का नाही म्हणून. अरे, स्थानिक तेही होतेच ना? पण रीत ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी ती पाळायची आणि आल्यागेल्या आपल्या माणसालाही पाळायला लावायची, एवढंच त्यांचं काम. शेवटी बाबासाहेबांनी आवाज चढवून विचारलं, उद्या अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही इथलं पाणी तोडणार का? तेव्हा जमाव गप्प झाला. किल्ल्यात सोडलं, पण आत कुठं पाण्याला शिवू नयेत म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला.

दौलताबादला बोंबलणारे मुसलमान होते. सात वर्षं आधी, १९२७ला, महाडच्या चवदार तळ्यावरून आपल्या लोकांची डोकी फोडणारे हिंदू होते. रूढीला कुठलाही धर्म चालतो. पायाखाली घ्यायला एक माणूस तेवढा लागतो.

महाडचे सवर्ण कोर्टात काय म्हणून गेले? अस्पृश्यांनी तळ्यावर यायचं नाही ही पूर्वापार वहिवाट आहे, म्हणून. जवळजवळ दहा वर्षं खटला चालला. १९३७ साली मुंबई हायकोर्टानं सांगितलं, अशी पुरातन रूढी सिद्ध होत नाही. सनातन म्हणून डोक्यावर घेऊन नाचले, तिचा पुरावा द्यायला जमलं नाही! पुढं घटनेच्या तेराव्या कलमानं रूढी आणि वहिवाट यांनाही कायद्याच्या पिंजऱ्यात उभं केलं. मूलभूत हक्कांच्या आड येईल ती रद्द. पंधराव्या कलमानं सार्वजनिक विहिरी, तळी, घाट सगळ्यांना खुले केले. आणि प्रवासाचं पुस्तक अजून सांगतंय, वाद घालू नका.

वेरूळला बौद्ध लेणी बघत फिरा. पाचव्या लेण्यात दगडाचे दोन लांब ओटे आहेत. या लेण्याचं नाव महारवाडा. दहाव्यात बुद्ध बसलाय, त्याचं नाव सुताराची झोपडी. ही नावंही स्थानिकच. मला त्यांची लाज नाही. बुद्धाचं घर ते आमचं घर, हे त्यात आपोआप कबूल झालंय.

मग कशाचाच आदर करायचा नाही का? करायचा. अजिंठ्याला चपला बाहेर काढा. बुद्धाकडं पाठ करून, दात काढून सेल्फी घेऊ नका. १४ एप्रिलला भडकल गेटला या, नाचा, पण बाईमाणसाचा फोटो विचारून काढा. या रीतींनी कुणाचं पाणी तुटत नाही, कुणी उंबऱ्याबाहेर उभं राहत नाही. म्हणून त्या पाळायच्या.

मित्रांनो, आपणही फिरलं पाहिजे. पोटाला चिमटा घेऊन, लाल डब्यातून, जनरलच्या गर्दीतून. सांचीला जा, बुद्धगयेला जा, केरळात जा. जाल तिथल्या माणसाची भाकरी, भाषा, लगीन, मयत सगळ्याचा मान ठेवा. पण पहिल्या दिवशी विचारा, इथं पाणी कोण कुठं भरतं? आणि हे गावातल्या शेवटच्या घरी जाऊन विचारा. रीत मोडायची तर त्या घराला सोबत घेऊन मोडा. आपण बस पकडून निघून जातो, मागं राहिलेल्याच्या पाठीवर काठी पडते. दौलताबादला जमाव त्याच्यावरच वळला होता.

त्या घरचं पाणी आधी प्या. किल्ला कुठं पळून जात नाही.