ओशा, ॲन्सी आणि नायॉश : खोक्यावरची अक्षरं

मंडळी, उन्हाळा आला की शनिवारी आपल्यापैकी बरेचजण गराजमध्ये शिरतात. कुणी डेकचं लाकूड घासतं, कुणी ट्रिमरने गवत कापतं. त्यासाठी आणलेल्या गॉगलच्या किंवा मास्कच्या खोक्यावर कधीकधी ‘ओशा ॲप्रूव्हड’ असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून आपण निर्धास्त होतो. पण गंमत अशी, की ओशा कुठल्याच वस्तूला मंजुरी देत नाही!

मग कोण काय करतं? १९७० साली अमेरिकेत कामगार-सुरक्षेचा कायदा झाला. त्यातून ओशा आणि नायॉश या दोन सरकारी संस्था निघाल्या. ओशा म्हणजे नियम करणारी आणि तपासनीस पाठवणारी. कुठल्या कामाला कुठलं साधन हवं ते मालकाने ठरवायचं आणि कामगाराला द्यायचं. २००८ पासून बहुतेक साधनांचा खर्चही मालकाचाच. मुलं उन्हाळ्यात नोकरी करत असतील तर त्यांना हे जरूर सांगा.

ॲन्सी ही संस्था १९१८ सालची, खाजगी. ती स्वतः मानकं लिहीत नाही. इतरांनी रीतसर तयार केलेल्या मानकांवर शिक्कामोर्तब करते. डोळ्यांसाठीचं मानक झेड ८७.१. चष्म्यावर नुसतं ‘झेड ८७’ असेल तर तो साधा. पुढे अधिकचं चिन्ह असेल तर जोराचा आघात सोसणारा. या कसोटीत पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला १५० फूट वेगाने त्यावर मारतात. आपण बरेचजण चष्मेवाले, म्हणून बजावून सांगतो : रोजचा नंबरचा चष्मा म्हणजे सुरक्षा-चष्मा नव्हे.

श्वासाच्या साधनांना मंजुरी देणं हे नायॉशचं काम. ‘एन ९५’ मधला ‘एन’ म्हणजे तेलकट कणांना न टिकणारा, आणि ९५ म्हणजे कसोटीतले निदान ९५ टक्के बारीक कण अडवणारा. खऱ्या मास्कवर नायॉशचं नाव आणि ‘टीसी’ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक असतो. तो डोक्यामागून दोन पट्ट्यांनी बसतो. कानात अडकवायचे फास दिसले तर माल नकली समजावा. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते. शिवाय थिनरची वाफ एन ९५ ने मुळीच अडत नाही, बरं का!

कारखान्यात हे सगळं बघायला सेफ्टीवाला असतो, चुकलं तर ओशाचा दंड असतो. आपल्या गराजमध्ये मात्र ओशा येत नाही. तिथे मालकही आपण, कामगारही आपण आणि तपासनीसही आपणच. तेव्हा खोक्यावरची जाहिरात सोडा, वस्तूवर कोरलेली अक्षरं वाचा. डोळे दोनच आहेत, आणि त्यांचे सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

पुढच्या अंकात कानांविषयी.