आइसलँडला रस्ता, कोंडेश्वरला बंदी

मागच्या सप्टेंबरात आम्ही चौघं मित्र आइसलँडला जाऊन आलो. अख्ख्या वर्षाचा बोनस गेला, पण ते असो. गाडी भाड्याने घेतली आणि बेटाला वळसा घालणारा रिंग रोड, सुमारे १३०० किमी, दहा दिवसांत पूर्ण केला. धबधबे किती सुंदर होते हे लिहीत बसत नाही. खरं सांगू? बदलापूरला वाढलेल्या माणसाला डोंगरावरून पडणाऱ्या पाण्याचं काय कौतुक! मी चाट पडलो ते पार्किंग बघून.

हसू नका. सेल्यालांद्सफॉस नावाचा धबधबा आहे, त्याच्या मागून चालत जाता येतं. तिथे गाडी लावायचे पैसे घेतात. त्या बदल्यात टॉयलेट आहे, नीट पायवाट आहे. कुठला रस्ता वाऱ्यामुळे बंद आहे ते सकाळी मोबाईलवर कळतं. आणि राहायला? मैलोन्‌मैल माणूस दिसत नाही अशा ठिकाणी शेतकऱ्याच्या घरात खोली मिळते. आम्ही एका मेंढ्यावाल्याकडे राहिलो. आजीबाईंनी गरम सूप दिलं, चादरी स्वच्छ, बाथरूमला कडी. बस्स, एवढंच तर लागतं माणसाला.

आता या जुलैतली गोष्ट. टीममधला एक नागपूरकर बायको आणि आईला घेऊन इकडे आला. म्हणाला, "तुमच्याकडचा पाऊस दाखव, आणि ते अंबरनाथचं मंदिर. दोन रात्री राहू." आमचं वन बीएचके, त्यात आम्ही चार जण. म्हणून लॉज बघायला निघालो. पहिल्याच काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "किती तासांसाठी?" म्हटलं, अहो, सोबत काकू आहेत! पुढच्या दोन ठिकाणी खोल्या बघून मीच गुपचूप जिना उतरलो. शेवटी ती मंडळी नवी मुंबईत राहिली आणि येण्याजाण्यात त्यांचा निम्मा दिवस गेला.

मंदिर मात्र दाखवलं. शिलाहार राजांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं. गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. काकू बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्तींपुढे अर्धा तास उभ्या होत्या. मग त्यांनी नाकाला पदर लावला. शेजारून वालधुनी वाहते ना! हीच नदी पुढे उल्हासनगरात जाते, आणि २०१४ मध्ये तिथे कुणीतरी तिच्यात रसायन ओतल्यामुळे शेकडो लोकांना श्वास घेणं मुश्किल झालं होतं. सुशोभीकरणाच्या घोषणा होतात, घाट होणार, दिवे लागणार. लागू देत. पण नाल्यासारख्या वासाच्या नदीला घाट बांधणं म्हणजे बग तसाच ठेवून स्क्रीनचा रंग बदलणं.

कोंडेश्वरला तर नेताच आलं नाही. बंदी! ठाणे जिल्ह्यात पावसाळा आला की धबधबे, धरणं, डोह यांच्यावर बंदीचा आदेश येतो हे आता आपल्याला पाठ झालंय. कोंडेश्वर, भोज धरण, बारवी... पर्यटनाचं आपलं धोरण एका शब्दात मावतं.

"मग काय लोकांना मरू द्यायचं?" असं कुणीतरी विचारणारच. म्हणून हे लिहितो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतला बारावीचा मुलगा एका डोहात गेला. बंदी तेव्हाही होती. नाकाबंदी मुख्य रस्त्यावर होती, पोरं शेतातून गेली. डोहापाशी दोर नव्हता, ट्यूब नव्हती, पोहता येणारा एकही मोठा माणूस नव्हता. एरवी तिथे भजी आणि मक्याची कणसं विकणाऱ्या मावश्या बसतात, गावची पोरं असतात. "पुढे जाऊ नको रे, खाली कपार आहे" असं ओरडायला तेवढं कुणीतरी असतं. बंदीने पोरं थांबली नाहीत. थांबल्या त्या मावश्या.

दुसरा आक्षेप: आपली पब्लिकच तशी. दारू पिणार, बाटल्या फोडणार. मान्य. पण पब्लिक तिकडेही काही संत नाही. रेनिसफ्यारा नावाच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. तिथे समुद्राचा अंदाज घेऊन रंग बदलणारा धोक्याचा दिवा लावला. एका घळीत एका गायकाने २०१५ मध्ये व्हिडिओ काढला, झुंबड उडाली, शेवाळ तुडवलं गेलं. २०१९ मध्ये ती घळ काही महिने चक्क बंद ठेवली. त्यांनी बंद केली ती दुरुस्त करायला. आपण बंद करतो ते विसरून जायला.

तिसरा: त्यांची लोकसंख्या जेमतेम चार लाख, आपली कुठे! अहो, मग गर्दी जास्त तर सोय जास्त नको का?

फार काही मागत नाही. एक, गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्या पोरांना चार महिने पगारावर जीवरक्षक नेमा. दोर, ट्यूब आणि पाणी वाढलं की वाजणारा भोंगा द्या. पाणी खरंच वाढलं की त्या दिवशी बंद, उतरलं की सुरू. दोन, पैसे घेऊन पार्किंग, आणि त्या पैशातून टॉयलेट व बायकांना कपडे बदलायला खोली. तीन, आसपासच्या गावांत दहा घरांत दोन दोन स्वच्छ खोल्या. निवास व न्याहारी योजना आहे, कृषी पर्यटनाचं धोरण २०२० मध्येच आलंय. कागद तयार आहे, चादरी तेवढ्या घालायच्यात. बुकिंगची साईट मी विकेंडला बसून फुकट करून देतो, लिहून घ्या.

नाहीतर पुढच्या जूनमध्ये आदेश निघेल, जुलैत पेपरात चार ओळींची बातमी येईल. त्या मुलाची आई अजून जिन्यात भेटते. परवा तिने विचारलं, "आइसलँडला काय बघितलंस रे?" पाणी, एवढं म्हणायचीही हिंमत झाली नाही. "थंडी होती काकू," म्हटलं आणि खाली उतरलो.