उजवीकडे वळू नये, ते का?

वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता तुम्ही पाहिला असेल. वाकड्या बाणावर तिरपी लाल रेघ असली की त्या बाजूस वळण्यास मनाई. लाल थाळीवर आडवा पांढरा पट्टा असला की प्रवेश बंद. निळ्या वर्तुळातील पांढरा बाण म्हणजे याच दिशेने गेले पाहिजे. हे सारे पाठ होते. पण कारण न कळलेला नियम पोलीस नजरेआड होताच मोडला जातो. माझ्या मते ही चिन्हे नागरिकशास्त्रापेक्षा भूमितीच्या तासाला शिकवावीत.

वहीत एक चौक काढा. चारही बाजूंनी येणारे वाहन सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते. हे १२ मार्ग पेन्सिलीने आखा. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात हे विसरू नका. रेषा जेथे छेदतात, मिळतात किंवा फुटतात तेथे टिंब द्या. (एका रेषेच्या तीन वाटा होतात तेथे दोन टिंबे धरावीत, तिन्ही मिळतात तेथेही तसेच.) छेदण्याची १६, मिळण्याची ८ आणि फुटण्याची ८, अशी ३२ टिंबे होतील. टिंब म्हणजे टक्कर होऊ शकेल अशी जागा. आता उजवीकडे वळणाऱ्या चार रेषा खोडा. उरतात अवघी १२ टिंबे, आणि त्यांत छेदणारी फक्त ४!

मग उजवीकडे जायचे कसे? आसपासचे रस्ते चौकोनी आखणीचे असतील तर चौक ओलांडून लागोपाठ तीनदा डावीकडे वळा. वळसा ३०० मीटरचा धरला, तरी ताशी ३० किलोमीटर वेगाने ३६ सेकंद लागतात.

एकेरी रस्त्यावर उलटे शिरणाऱ्यांचे गणित याहून वाईट. समोरासमोर ताशी ५० किलोमीटरने येणारी दोन वाहने सेकंदाला सुमारे २८ मीटरने जवळ येतात. १०० मीटर अंतर चार सेकंदांच्या आत संपते. शिवाय रस्ता ओलांडणाऱ्या आजीबाई त्या बाजूला पाहतच नसतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीने असे उलटे जाणे धोकादायक वाहनचालनात गणले आहे.

पुष्कळ चिन्हे फांद्यांमागे किंवा वाढदिवसाच्या फलकांमागे दडलेली असतात, हेही खरे. तो दोष चालकाचा नव्हे.

शिक्षकांनी एकदा फळ्यावर चौक काढून वर्गाकडून टिंबे मोजून घ्यावीत. दोन्ही रस्ते एकेरी धरले, तर उत्तर ५ यायला हवे.