तळी पाडायची होती, कायदा वाकवला

प्रति,
अध्यक्ष, कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटी, चेन्नई

महोदय,

एस. जगन्नाथ खटल्याचा 11 डिसेंबर 1996 चा निकाल तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. तमिळनाडूच्या भूमिहीनांसाठी आयुष्य घालवलेल्या जगन्नाथ या गांधीवादी कार्यकर्त्याने तो सर्वोच्च न्यायालयातून मिळवला होता. पारंपरिक पद्धतीची सोडून किनारा नियमन क्षेत्रातली कोळंबीची तळी 31 मार्च 1997 पर्यंत पाडा; चिलिका आणि पुलिकत सरोवरांपासून 1000 मीटरच्या आत नवं तळं नको; शेतजमीन, मिठागरं, कांदळवनं यांना हात लावू नका; ज्यांचं नुकसान झालं त्यांना प्रदूषण करणाऱ्याकडून भरपाई द्या. इतके स्पष्ट आदेश होते.

झालं काय? तळी वाचवायला कायदाच बदलला. ज्या 2005 च्या कायद्यातून तुमचं प्राधिकरण उभं राहिलं, त्याच्याच कलम 27 ने ठरवलं की 1991 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेतली बंदी कोळंबीशेतीला लागू नाही. तेही 19 फेब्रुवारी 1991 पासून, म्हणजे 14 वर्षं मागे जाऊन! हरलेल्या पक्षाला संसदेने जिंकवलं. नोंदणीविना तळं चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती, 2023 च्या दुरुस्तीने तीही काढली.

तळ्यात महिनोन्‌महिने खारं पाणी साठतं, ते जमिनीत मुरतं. शेजारच्या भाताचा वाफा आधी पिवळा पडतो, मग विहीर मचूळ होते. कोळंबी काढली की उरलेलं खाद्य, विष्ठा, औषधं यांचा काळा गाळ खाडीत सोडला जातो. तिथेच लहान मच्छीमाराचं जाळं असतं. रोग पडला तर मालक तळं टाकून निघून जातो. खारावलेली जमीन मात्र गावाच्या गळ्यात राहते. विहीर मचूळ झाल्यामुळे ज्या बायांच्या डोक्यावर लांबून आणलेल्या पाण्याचा हंडा आहे, त्यांनी ही कोळंबी ना पिकवली, ना खाल्ली. माल परदेशी जातो, त्यातला सर्वात मोठा वाटा अमेरिकेला. नुकसान मिळकतीपेक्षा जास्त आहे, हे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने त्याच खटल्यात सांगितलं होतं. तरीही निर्यातीचे आकडे तेवढे मिरवले जातात.

म्हणून आमची मागणी आहे: नोंदणीकृत प्रत्येक तळ्याभोवतालच्या विहिरींच्या क्षारतेची मोजमापं गावाच्या भाषेत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. 1996 च्या आदेशाप्रमाणे कुणाला किती भरपाई मिळाली, त्याची गावनिहाय यादी जाहीर करा. आणि ज्या गावची विहीर खारी झाली, तिथल्या एकाही तळ्याच्या नोंदणीचं नूतनीकरण करू नका.

किनाऱ्यावरचा एक नागरिक