लिफ्ट आहे, पण बंद आहे

परवा रविवारी एका मित्राला जेवायला बोलावलं होतं. इंजिनिअरिंगला चार वर्षं आम्ही एकाच बाकावर. बाइकच्या अपघातानंतर तो आता व्हीलचेअरवर असतो. गाडी घेऊन येतो म्हटलं तर साहेब ऐकेनात. "लोकलनेच येणार. अपंगांचा डबा मग ठेवलाय कशाला?"

आला. म्हणजे त्याच्या भावाने आणि डब्यातल्या दोघांनी खुर्चीसकट उचलून त्याला फलाटावर ठेवला. आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला, 'बंद आहे'. चौकशी केली तर "कालपर्यंत चालू होती हो" असं अतिशय प्रेमळ उत्तर मिळालं. शेवटी दोन हमाल, भाऊ आणि मी, अशी चौघांनी वरात काढली. चाळीसेक पायऱ्या. कॉलेजात ज्याला गप्प करायला सरांना वर्गाबाहेर काढावं लागायचं, तो वर पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

रात्री डोक्यातून जाईना म्हणून गणित करत बसलो. विजेच्या तारांमुळे पूल फलाटापासून साधारण सहा मीटर उंच ठेवावाच लागतो. व्हीलचेअरच्या उतारासाठी मान्य प्रमाण १:१२, म्हणजे ७२ मीटर लांब रॅम्प, मधले विसाव्याचे टप्पे वेगळेच. लोकलचे जवळपास साडेतीन डबे! आपल्या चिंचोळ्या फलाटांवर तो बसवणार कुठे? म्हणून लिफ्ट. आणि म्हणूनच लिफ्ट बंद म्हणजे त्याच्यापुरतं स्टेशनच बंद. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात, आणि असं डिझाइन रिव्ह्यूला ठेवलं तर शिव्या खाव्या लागतात.

पुढचं गणित आणखी वाईट. रस्त्यापासून आत जायची वाट, इकडची लिफ्ट, डब्यात चढणं, तिकडची लिफ्ट, बाहेरची वाट. पाच कड्या. प्रत्येक कडी ९० टक्के वेळा शाबूत आहे असं धरलं, तरी ०.९ चा पाचवा घात होतो ०.५९. (मराठीत 'घात' हा शब्द इथे किती चपखल बसतो!) म्हणजे दर पाच खेपांतल्या दोन फसणार. पण अहवालात काय येणार? 'इतक्या लिफ्ट बसवल्या.' मोजायला हवं ते हे, की रस्त्यावरून निघालेला माणूस कुणी न उचलता डब्यात पोचला का.

कायदे नाहीत असं नाही. १९९५ चा होता, मग २०१६ चा आला. त्याचे नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला तिथून पाच वर्षांची मुदत होती. ती २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राजीव रतुरी खटल्यात सांगावं लागलं की मानकं नुसती शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, सक्तीचे नियम करा. मधल्या काळात 'अपंग'चं 'दिव्यांग' मात्र झटपट झालं. पायरी तेवढी तिथेच.

आणि हे जमत नाही म्हणावं, तर घाटकोपरला जाऊन बघा. जानेवारी २०१४ मध्ये तिथे लोकल पकडताना फलाटाच्या फटीत पडून एका कॉलेजच्या मुलीचे दोन्ही हात गेले. त्यानंतर उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि मुंबईतल्या फलाटांची उंची वाढवायचं काम जोरात सुरू झालं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याच स्टेशनला लागून मेट्रो आली. तिथे लिफ्ट आहे, फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत आहे, व्हीलचेअर सरळ आत जाते. जिना उतरून लोकलच्या फलाटावर या, की डब्याची जमीन पुन्हा वर आणि मध्ये फट.

फलाटावरच्या त्या पिवळ्या उठावाच्या लाद्यांचंही तेच. सेइची मियाके नावाच्या जपानी माणसाने त्या काढल्या, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसल्या. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. परवाच्या स्टेशनवर त्या रेघा अंध माणसाला थेट एका स्टॉलच्या काउंटरवर नेऊन सोडत होत्या. वडापाव चांगला असेलही, पण..

माझ्या मागण्या फार नाहीत. कुठली लिफ्ट बंद आहे ते घरून निघण्याआधी मोबाइलवर कळू दे. बंद लिफ्ट किती तासांत सुरू झाली ते लोकांसमोर मांडा. आणि अपंगांचा डबा थांबतो तिथे एक घडीचा रॅम्प आणि तो टाकणारा एक माणूस असू दे. वेळापत्रक कोलमडेल म्हणतात. रॅम्पला लागतील त्या सेकंदांचा हिशोब करणाऱ्यांनी तिघांनी मिळून एक माणूस उतरवायला किती वेळ लागतो तेही घड्याळ लावून बघावं.

जेवण झाल्यावर टॅक्सीनेच सोडलं त्याला. पुढच्या रविवारी परत ये म्हटलं, तर हसून म्हणाला, "आता तूच ये. तुला पायऱ्या चालतात."