माळ्यावरचे विदूषक

पावसाळा तोंडावर आला की कौले परतावयाची, गळकी जागा हेरावयाची आणि त्या निमित्ताने माळ्यावरची वर्षानुवर्षांची अडगळ खाली उतरवावयाची, ही आपल्या किनारपट्टीवरील आणि घाटमाथ्यावरील घरांची जुनी रीत आहे. तांब्यापितळेचे भांडे निघाले तर ते चिंचेने घासून पुन्हा वर जाते. परंतु एखादा गंजलेला, चपटा, वाटोळा पत्र्याचा डबा निघाला, आणि झाकण उघडताच आंबलेल्या व्हिनेगरचा भपकारा नाकात गेला, तर तो डबा विनाचौकशी भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. त्यात चित्रपटाचे रीळ असते, हे पुष्कळांना कळतही नाही. ज्यांना कळते त्यांतलेही बहुतेक जण, ते रीळ कसल्याशा जुन्या विनोदी चित्रपटाचे आहे एवढे दिसताच, फेकण्याविषयी अधिकच निर्धास्त होतात. भगवंताची लीला असती तर हात थोडा अडखळला असता. विदूषकाच्या कोलांट्यांना कोण जपून ठेवणार?

आजच्या लेखाचा विषय हा उपेक्षित विदूषकच आहे. एका किंवा दोन रिळांचे, दहा ते वीस मिनिटांचे छोटे विनोदी बोलपट आणि मूकपट एके काळी प्रत्येक मोठ्या खेळाच्या आधी दाखविले जात. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रथम लोकांसमोर आला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीत एका युरोपियन नर्तकीचा नाच होता, पायांनी कसरत करणारा एक कसरतपटू होता आणि 'टिप-टॉप कॉमिकल्स' या नावाखाली छोटे विनोदी खेळही होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. फाळक्यांचा पुढला चित्रपट 'मोहिनी भस्मासुर'. तो जानेवारी १९१४ मध्ये मुंबईच्या ऑलिंपियात लागला, तेव्हा त्याच्या जोडीला त्यांनी स्वतःच तयार केलेला 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट होता. 'मोहिनी भस्मासुर'चे नाव दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींमुळे इतिहासात राहिले. 'पिठाचे पंजे' हे नाव आमच्या किती वाचकांनी आजवर ऐकले असेल?

ज्या प्रदेशात आम्ही हे लिहीत आहोत तेथे ही रचना नवी नव्हे. देवळाच्या पटांगणात दशावतार रंगतो तेव्हा आख्यानाचा राजा गादीवर बसण्यापूर्वी संकासूर येतो आणि पोराबाळांना हसवून, भिववून जातो. घाटाच्या त्या अंगाला यक्षगानाच्या पूर्वरंगात कोडंगी नाचून जातात. प्रेक्षकांची जमवाजमव व्हावी, शीण उतरावा, मग गंभीर कथानकाला प्रारंभ व्हावा, ही आपल्या रंगभूमीची पिढीजात शहाणीव आहे, आणि पहिल्या चित्रपटगृहांनी ती नकळत उचलली. फरक एवढाच, की संकासूर दर वर्षी नव्या माणसाच्या अंगात येतो. रिळावरचा विदूषक एकदा गेला की गेला.

तो गेला कसा, याचा हिशेब फार कठोर आहे. भारतात तेराशेहून अधिक मूकपट निघाले. त्यांपैकी आज तीसच्या आसपास उरले आहेत, आणि तेही बहुतांशी तुकड्यातुकड्यांत. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' (१९३१) याची एकही प्रत उपलब्ध नाही. काही प्रती आगीत गेल्या, कारण त्या काळची नायट्रेटची फिल्म स्फोटकासारखी पेट घेत असे. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील नायट्रेट रिळांचा साठा भस्मसात झाला, ती जखम ताजीच आहे. काही प्रती पावसाने नेल्या. आणि पुष्कळशा प्रती आपणच, शुद्धीवर असताना, चांदीसाठी वितळविल्या. कृष्णधवल फिल्मच्या थरात चांदीचे कण असतात. रिळे धुऊन ती चांदी काढून घेणारा एक धंदाच आपल्याकडे होता. ज्या चित्रपटाला पुन्हा गिऱ्हाईक मिळण्याची आशा होती तो वितरकाने राखला. प्रमुख खेळाआधी फुकट दाखविला जाणारा विनोदी लघुपट कोण राखणार? तो सर्वांत आधी भट्टीत गेला.

तरीही या कथेत एक गमतीची गोष्ट आहे. बंगालमध्ये निघालेल्या मूकपटांपैकी जे अगदी मोजके आज पाहावयास मिळतात, त्यांत कालिपद दास यांचा 'जमाईबाबू' (१९३१) आहे. खेड्यातला एक भोळसट जावई कलकत्त्यात येऊन गोंधळ घालतो, एवढेच त्याचे कथानक. मोठमोठे पौराणिक आणि ऐतिहासिक पट नाहीसे झाले आणि हा भाबडा जावई टिकला. त्याच्यामुळे त्या काळच्या कलकत्त्याचे रस्ते, माणसे आणि पोशाख आज आपल्याला दिसतात. गंभीर चित्रपट रंगविलेल्या पडद्यांपुढे घडत. विनोदी चित्रपट भर रस्त्यात धावत सुटे. म्हणून त्याच्या मागच्या बाजूला इतिहास आपोआप टिपला गेला आहे.

आपल्याकडे ज्यांना 'जाड्या-रड्या' या लाडक्या नावाने ओळखतात त्या हार्डी आणि लॉरेल यांच्या बाबतीत घडलेली हकीकत संग्राहकांचे मोल सांगणारी आहे. त्यांचा १९२७ चा 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' हा दोन रिळांचा मूकपट. तीन हजार पाय एकमेकांच्या तोंडावर फेकल्याचे त्यात दाखविले आहे असे सांगतात. (पाय म्हणजे अवयव नव्हेत, सायीने भरलेले विलायती पक्वान्न, अन्नाची ही नासाडी आमच्या आजीला मुळीच खपली नसती.) रॉबर्ट यंगसन नावाच्या निर्मात्याने १९५७ साली जुन्या विनोदी चित्रपटांतील वेच्यांचा एक संकलनपट काढला, आणि त्यात या मारामारीची काही मिनिटे घेतली. पुढे अनेक दशके जगाजवळ तेवढाच तुकडा होता. पूर्ण दुसरे रीळ नष्ट झाले असेच अभ्यासक धरून चालले. २०१५ साली जॉन मिर्सालिस या संग्राहकाला आपल्याकडे आलेल्या जुन्या प्रतींमध्ये ते रीळ सापडले. १६ मिलिमीटरची ती प्रत एके काळी यंगसन यांच्याच संग्रहातली होती. कोणत्याही सरकारी संस्थेने नव्हे, कोणत्याही चित्रसंस्थेने नव्हे, तर डबे जमविण्याचे वेड असलेल्या माणसांनी हातोहात ती प्रत साठ वर्षे पुढे आणली.

अशा माणसांशी समाज नेहमी नीट वागला आहे असे नाही. रॉडी मॅकडॉवल या प्रसिद्ध नटाच्या घरावर १९७४ साली अमेरिकेच्या संघराज्य पोलिसांनी धाड घालून त्याचा खाजगी चित्रपटसंग्रह जप्त केला होता. आपल्याकडे धाडी पडल्या नसतील, पण संशयाची नजर आहेच. घरात रिळे आहेत असे म्हटले की 'परवाना आहे काय?' हा प्रश्न आधी येतो आणि 'काय आहे?' हा नंतर. परिणामी ज्याच्याजवळ काही असते तो बोलत नाही. तो गेला की मुले माळा रिकामा करतात.

आता जोयडा तालुक्याविषयी. तेथे रिळे पडून आहेत असा दावा आम्ही करीत नाही. तेथे शोधावे असे मात्र आम्हांस आग्रहाने म्हणावयाचे आहे, आणि त्यास कारण आहे. कॅनडाच्या अति उत्तरेकडील डॉसन हे सोन्याच्या खाणींमुळे वसलेले गाव चित्रपटांच्या प्रवासातील शेवटचे ठाणे होते. तेथे प्रत पोहोचेपर्यंत तिला दोन-तीन वर्षे झालेली असत, आणि परतीचे भाडे भरण्याइतकी तिची किंमत वितरकास वाटत नसे. रिळे गावातच साचत गेली. १९२९ साली तेथील एक पोहण्याचा तलाव बुजविताना भर म्हणून ती त्यात टाकली गेली, आणि १९७८ साली खोदकाम करताना गोठलेल्या मातीतून पाचशे तेहतीस रिळे वर आली. न्यूयॉर्कमध्ये नाहीसे झालेले चित्रपट एका आडगावाच्या जमिनीत निघाले, ते आडगाव होते म्हणूनच.

जोयडा हे आपल्या मुलखातले असेच एक टोक आहे. १९५६ पर्यंत हा तालुका, सुपा या नावाने, मुंबई राज्यात होता. चित्रपटांची बाजारपेठही मुंबईचीच होती. शहरात झिजलेली प्रत गावाला, गावात झिजलेली प्रत जत्रेतल्या तंबूला, असा प्रतींचा उतरता प्रवास सर्वत्र चाले, आणि त्या उतरंडीच्या तळाशी जंगलात विखुरलेले असे तालुके असत. कॅसलरॉकला १८८८ सालापासून आगगाडी होती. पुढे पोर्तुगीज हद्द होती, आणि १९६१ पर्यंत मालाची तपासणी तेथे होई. शेजारी दांडेलीत कागद कारखाना आला, काळी नदीवर सुप्याचे धरण झाले, गणेशगुडीस वसाहत उभी राहिली. फिरत्या यंत्रावर, पांढऱ्या धोतराच्या पडद्यावर खेळ होण्याचे युग अशा वसाहतींतून शहरांपेक्षा अधिक काळ रेंगाळले. सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि लोक रामनगरसारख्या नव्या वस्तीत गेले, तेव्हा बैलगाडीत आणि ट्रकात काय चढले व काय मागे राहिले, याची यादी कोणी केली नाही. भांडी, देव, बियाणे चढले असणार. पत्र्याचे डबे चढले की नाही, हे त्या पिढीतील माणसे अद्याप आहेत तोवरच विचारता येईल.

शिवाय येथे डॉसनचे बर्फ नाही. येथे कॅसलरॉकचा पाऊस आहे, आणि कर्नाटकातील अतिवृष्टीच्या ठिकाणांत त्याची गणना होते. १९५० च्या सुमारास नायट्रेटची जागा ॲसिटेटच्या फिल्मने घेतली. ती पेटत नाही, पण उष्णता आणि दमट हवा यांच्या योगाने ती आतून कुजते व ॲसेटिक आम्ल सोडू लागते. डबा उघडताच येणारा तो वास याचाच. हे आम्ल कुजण्याचा वेग आणखी वाढविते, आणि बंद डब्यात ते कोंडले तर शेजारच्या रिळासही बाधते. फिल्म आखडते, वाकडी होते, शेवटी हाताच्या स्पर्शाने मोडते. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटविता येत नाही, केवळ थंड व कोरड्या जागी ठेवून मंद करता येते. म्हणून कोणाच्या घरी रीळ निघालेच तर प्रथम एवढे करावे: कौतुकाने ते यंत्रावर चढवू नये, कारण आखडलेली फिल्म दात्यांवर फाटते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये. सावलीत, कोरड्या, वाहत्या हवेत ठेवावे, आणि डब्यावर, कागदावर किंवा फिल्मच्या आरंभी जे काही लिहिले असेल ते उतरवून घ्यावे. ३५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मच्या कडेवर 'सेफ्टी' हा शब्द छापलेला नसेल तर ती नायट्रेटची असू शकते. तिच्याजवळ दिवा, विडी, चूल येऊ देऊ नये. १६ मिलिमीटरच्या अरुंद फिल्मबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

आणि मग ते रीळ न्यावे कोठे? पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. पी. के. नायर यांनी तेथे आयुष्य वेचले, आणि फाळक्यांचे जे काही आज दिसते ते बव्हंशी त्यांच्या खटपटीचे फळ आहे. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिचे काम चालू आहे. परंतु जोयड्याच्या कुंभारवाड्यातील किंवा अनमोडच्या एखाद्या वृद्धाने गंजका डबा घेऊन पुण्यास जावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. पुण्याने इकडे आले पाहिजे. गोव्यात २००४ पासून दर वर्षी आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, त्यावर मोठा खर्च होतो आणि जुने चित्रपट दुरुस्त करून तेथे मानाने दाखविले जातात. त्या खर्चातील अल्पसा अंश काढून एक जाणकार, एक तपासणीचे टेबल आणि एक गाडी पावसाळ्याआधी अनमोड घाट चढून रामनगर, जोयडा, गणेशगुडी येथे आठ दिवस फिरली तर महोत्सवाचे काय उणे होणार आहे? गाडी येणार हे आधी शाळांतून व देवस्थानांतून कळवावे. आणलेल्या वस्तूची पावती द्यावी. मालकास मूळ नको असेल तर जमा करून घ्यावे, हवे असेल तर नक्कल करून परत द्यावे. परवान्याचा प्रश्न त्या आठ दिवसांत कोणी विचारू नये. चित्रपटावरील स्वामित्वहक्क आपल्या कायद्याने साठ वर्षांचा आहे. फाळक्यांच्या किंवा 'जमाईबाबू'च्या काळातल्या विनोदी पटावर आज कोणाची मालकी बुडण्याचे भय नाही.

रस्ता, दवाखाना, शाळेतला शिक्षक हे जोयड्याचे प्रश्न याहून आधीचे आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांविषयी लिहिले आहे आणि लिहीत राहू. परंतु ते प्रश्न पुढल्या वर्षीही शिल्लक राहतील, दुर्दैवाने. रीळ राहणार नाही. आणि आठ दिवस फिरून गाडी रिकामीच घाट उतरली तर? उतरू द्या. निदान त्या पिढीच्या आठवणी तरी वहीत उतरतील: तंबू कोठे लागे, यंत्र कोण चालवी, मुख्य खेळाआधी पडद्यावर कोण पडे आणि कोण धावे, आणि कशावर गाव हसे. मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. माळे झाडणे तर सुरू झालेच आहे.